दोनशे वीस किलोंची पैज

गेल्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या वजनकाट्याच्या खोलीत टेबलावर एक लाख दोन हजार रुपये ठेवले गेले. एकावन्न हजार माझ्या साडूचे आणि एकावन्न हजार जालन्यातल्या एका बॅटरीवाल्यांचे. हजर चौघे होतो: ते दोघे, मी, आणि भोकरदनहून पाडव्याचा वाणोळा घेऊन आलेला माझा मेव्हणा. माझी बायको चहा घेऊन आली तेव्हा पैसे मोजून झाले होते, म्हणून तिला हजर धरलेलं नाही. "मला त्या गाढवपणात मोजायचं न्हाई," असं तिनंच बजावून ठेवलं आहे.

पैज दोन मोटारींची होती. साडूची पेट्रोलवरची स्पोर्ट्‌स कार आणि बॅटरीवाल्यांची विजेवरची छोटी हॅचबॅक. दोन्ही शेजारी-शेजारी उभ्या करायच्या, जागेवरून सोडायच्या, आणि दोनशे मीटरवर आधी कोण पोचतं ते पाहायचं. एकदा जाताना, एकदा येताना. निकाल माझ्या शब्दावर.

माझ्या शब्दावर का, तर काटा माझा म्हणून. जालन्याहून वाटूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा साठ टनी काटा आहे. भंगाराचे, सळईचे, मक्याचे, कापसाचे ट्रक माझ्याकडे वजन करतात आणि निघालेल्या आकड्यावर दोन अनोळखी माणसं पैशाची देवाणघेवाण करतात. या धंद्यात विकायला माझ्याकडे दुसरं काही नाही. आकडा खरा आहे, एवढाच माल.

साडू भंगारवाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. भंगार गोळा करून कारखान्यांना देतो आणि त्याचा प्रत्येक ट्रक माझ्या काट्यावर येतो. तेव्हा माझ्याकडच्या दहा वजनांपैकी चार त्याची असायची. काट्याखाली वजन टिपणारे नवे लोडसेल बसवायला मी बँकेकडून कर्ज काढलं होतं, ते याच चारांच्या भरवशावर. त्याचं माझं पहिल्यापासून पटत नाही. माझ्या लग्नात, पंगत बसलेली असताना, "काट्यावर बसून राह्यलेला माणूस, ह्याच्यात काय वजन?" असं तो म्हणाला होता. लोक हसले होते. मीही हसलो होतो, कारण नवरदेवाला हसावंच लागतं.

बॅटरीवाले हे त्याचे माल देणारे. इन्व्हर्टर, बॅटऱ्यांचं मोठं दुकान. जुन्या बॅटऱ्या ते साडूला किलोवर विकतात, आणि दर खेपेला दोघांचं भांडण माझ्या दारात होतं. ॲसिड काढून वजन की ॲसिडासकट, झाकण धरायचं की नाही, हे वाद मी इतक्या वेळा ऐकलेत की दोघांपैकी कोणाबद्दलही माझं मत चांगलं राहिलेलं नाही. साडू दांडगाई करतो, बॅटरीवाले गोड बोलून तेच करतात.

पाडव्याच्या मुहूर्तावर साडूनं पुण्याहून ती स्पोर्ट्‌स कार आणली होती. जुनीच, पण लाल, दोन दारांची, जमिनीला टेकलेली. मागच्या सीटवर माणूस बसणार नाही, शाळेचं दप्तर बसेल. जालन्यातल्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासतं. झेंडूची माळ तशीच ठेवून दुसऱ्या दिवशी तो ती मला दाखवायला काट्यावर आला आणि उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबत बसला. समोरच्या बाभळीवरचे बगळे उडाले. त्याच वेळी बॅटरीवाले आपली पांढरी विजेची गाडी घेऊन मागच्या खेपेची वजनपावती न्यायला आले होते.

"क्या सेठ, सायलेन्सर फुटलं का?" ते खिडकीतून म्हणाले.

"ह्याला आवाज म्हणतेत, भाई. तुमच्या मिक्सरला न्हाई कळायचा."

"मिक्सर हाय ना. चटणी करतो मंग तुमची."

असं ते सुरू झालं. मेव्हणा दोघांना पाणी पाजायच्या निमित्तानं पेटवत राहिला. साडू त्याला जावई म्हणून जवळचा, मी दूरचा. कारण साडू त्याला हिंडवतो आणि मी हिशोब विचारतो. बॅटरीवाल्यांचं म्हणणं साधं होतं: पेट्रोलच्या इंजिनाला जोर यायला आधी फेरे वाढावे लागतात, गिअर बदलावे लागतात, विजेची मोटर पहिल्याच क्षणी सगळा जोर देते. साडूचं म्हणणं त्याहून साधं होतं.

"ती पळते, कारण ती डबडी हाय. हलकी. हलकं कुत्रं बी पळतंय. वजन बराबर करा अन् मंग दाखवा."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे दोन्ही गाड्या काट्यावर घ्यायच्या. जी हलकी निघंल तिच्यात लोखंड भरायचं. वजन बराबर झालं की मंग सोडायच्या."

आमच्या धंद्याबाहेरच्या कोणाला ही अट सुचली नसती. कंपनी गाडी बनवते ती तिच्या वजनासकट बनवते. हलकी ठेवणं हाही तिच्या करामतीचाच भाग. पण भंगारात सगळा न्याय किलोनं होतो. तांबं असो की पत्रा, आधी वजन, मग बाकीचं. तिथे उभ्या असलेल्या चौघांनाही ती अट रास्त वाटली, मी धरून. मला फक्त तिचा क्रम चुकीचा वाटला.

"साडूभाऊ, आधी दोन्ही गाड्यांचं वजन करू," मी म्हणालो. "मंग अट घाला."

"का? घाबरून राह्यले का पाहुणे?"

"काट्याचा रिवाज तुम्हालाच ठाऊक हाय."

रिवाज असा: भाव आणि अटी गाडी काट्यावर चढायच्या आधी ठरतात. एकदा आकडा दिसला की बदल नाही. ना घेणाऱ्याला, ना देणाऱ्याला. साडूनं या रिवाजावर कितीतरी गरीब फेरीवाल्यांना धरून ठेवलेलं मी पाहिलं आहे. एक म्हातारा पितळेचा भाव चुकून लोखंडाचा बोलला होता, वजन झाल्यावर तो हात जोडत होता आणि साडू म्हणत होता, "बाबा, काटा बोलला. आता देव बी न्हाई बदलू शकत."

"रिवाज मला शिकवतो का?" तो म्हणाला. "काटा तुझा, अक्कल माझी. वजन बराबर. जो हलका त्यानं भरायचं. बोला भाई."

"कबूल," बॅटरीवाले म्हणाले. इतक्या पटकन, की माझं लक्ष त्यांच्या तोंडाकडे गेलं. बॅटऱ्या विकणारा माणूस. बॅटरी किती जड असते हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार होतं?

पैसे मोजले. मेव्हण्यानं टाळी दिली. बायको चहा ठेवून, कोणाकडेही न बघता निघून गेली.

मग आधी विजेची गाडी काट्यावर चढली, मालक आत बसलेले. सतराशे नव्वद. मागोमाग लाल गाडी, साडू आत. पंधराशे सत्तर. माझा काटा दहा-दहा किलोंनी बोलतो, म्हणून दोन्ही गाड्या खाली उतरवून पुन्हा चढवल्या. तेच आकडे. फरक दोनशे वीस किलो. हलकी गाडी साडूची.

तो खाली उतरला, खोलीत आला आणि इंडिकेटरच्या लाल अंकांकडे पाहत राहिला.

"काटा चुकून राह्यला."

"तुमचे ट्रक मोजताना चुकत न्हाई," मी म्हणालो.

"एवढीशी गाडी! हिच्यात काय दगड भरले का?"

"बॅटरी हाय, सेठ," बॅटरीवाले हळूच म्हणाले. "पूर्ण फरशीखाली. तुम्ही किलोवर घेता ना, ॲसिड काढून? हिच्यात ॲसिड न्हाई. काढायचं काय?"

तेव्हा साडू म्हणाला की अट गमतीत घातली होती. बॅटरीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मेव्हण्यानं जमिनीकडे पाहिलं. मी सांगितलं की आकडा दिसला आहे आणि अट राहील. मला ते सांगताना वाईट वाटलं नाही. ते वाटलं असतं तर इथे लिहिलं असतं.

दोनशे वीस किलो कुठून आणायचे? माझ्याकडे काटा तपासायची वीस-वीस किलोंची, सरकारी शिक्क्याची बिडाची वजनं आहेत. सात वजनं, म्हणजे एकशे चाळीस. उरले ऐंशी. मी काट्यावर उभा राहिलो, मेव्हण्यानं इंडिकेटर वाचला: ऐंशी. कोणीतरी निकाल देणारा गाडीत असलेला बराच, असं बॅटरीवाले म्हणाले. अशा रीतीनं मी साडूच्या गाडीतलं वजन झालो.

पाच वजनं डिकीत गेली. दोन मागच्या सीटवर. त्या चामड्याला हात लावायला साडू कोणाला देत नव्हता. बायकोकडून जुनी गोधडी आणवली, वजनं तिच्यात गुंडाळली, सुतळीनं बांधली. गाठ मी मारली.

"चरा पडला ना पाहुणे, तर भरून घेईन," तो म्हणाला.

काट्यामागे अर्ध्या किलोमीटरवर कोणीतरी एन.ए. प्लॉट पाडून ठेवले आहेत. कमान आहे, विजेचे खांब आहेत, सिमेंटचा रुंद सरळ रस्ता आहे, घर एकही नाही. राखणदाराला सांगून तिथे गेलो. लोखंडी टेपनं मी दोनशे मीटर मोजले आणि दोन्ही टोकांना चुन्याच्या रेघा मारल्या. पलीकडे थांबायला तेवढाच रस्ता शिल्लक होता. रस्ता नाल्याकडे किंचित उतरता आहे, म्हणून दोन्ही दिशांनी पळवणं माझ्या अटीत होतं. ट्रकही आम्ही वाद झाला की उलटा-सुलटा चढवतो. मेव्हण्यानं बाभळीचा फाटा घेऊन वाळू झाडली, आणि तो शेवटच्या रेघेवर मोबाइल धरून बसला. सुरुवातीची खूण माझ्या हाताची. मी लाल गाडीत डावीकडे बसलो, खिडकीतून पांढरा रुमाल बाहेर धरला. माझ्या हातापासून विजेच्या गाडीचं पुढचं चाक जेमतेम सहा फुटांवर होतं.

काचा खाली असूनही आत पेट्रोलचा आणि नव्या अत्तराचा वास होता. साडूनं इंजिन तापवलं. समोर बघतच तो बोलला.

"पाहुणे, महिन्याला माझ्या किती गाड्या येतेत तुझ्याकडं?"

"तुम्हाला ठाऊक हाय."

"मला ठाऊक हायच. तुला ठाऊक ऱ्हावं म्हणून विचारलं. पलीकडं बी काटा निघालाय नवा. तो दहा रुपये कमी घेतो."

"मंग जा तिकडं."

"जाईन. तू आज नीट बोलला न्हाई तर जाईन." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तो भाई लबाड हाय. रुमाल पडायच्या आधी निघणार, बघ तू. निघाला तर तू सांगायचं. न्हाई निघाला तरी... तू सांगायचं. कळलं का?"

कळलं होतं. पलीकडच्या गाडीला काहीच आवाज नव्हता. पंख्यासारखी बारीक घरघर फक्त. बॅटरीवाल्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते आणि ते माझ्या रुमालाकडे बघत होते. मी मनात तीन मोजले आणि रुमाल सोडला.

पांढरं चाक रुमालानंतर हललं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि हेच मला पुढचे सगळे महिने पुन्हापुन्हा सांगावं लागलं आहे.

आमची गाडी ओरडली, मागची चाकं सिमेंटवर थोडी घसरली आणि मग माझी पाठ सीटला चिकटली. पण समोर बघितलं तेव्हा पांढऱ्या गाडीचा मागचा दिवा दिसत होता. तिनं निघताना कसला आविर्भाव केला नव्हता. उभी होती, मग पुढे होती. साडूची गाडी गिअर बदलत, दर वेळी मोठा श्वास घेत मागे लागली. अर्ध्या अंतरानंतर ती जवळ येऊ लागली, हे खरं आहे. पण लागली एवढंच. शेवटच्या रेघेवर विजेची गाडी दीड गाडीनं पुढे होती. पाठीमागे गोधडीतली वजनं एकमेकांवर आपटली. साडूनं ब्रेक दाबला तेव्हा काहीतरी करकरलं आणि तो एक अशी शिवी बोलला जी इथे लिहीत नाही.

येताना चढ होता. अंतर वाढलं, जवळपास दोन गाड्यांचं.

"आधी निघाला!" साडू गाडी थांबायच्या आत दार उघडून ओरडला. "दोन्ही बार आधी निघाला! विचारा ह्यांना!"

बॅटरीवाले उतरले. मेव्हणा धावत आला. तिघं माझ्याकडे बघत होते. मेव्हण्याच्या मोबाइलमध्ये शेवटची रेघ होती. सुरुवातीची फक्त माझ्या डोळ्यांत होती.

"न्हाई," मी म्हणालो. "रुमालानंतर निघाले. दोन्ही बार."

"आंधळा हाय का तू?"

"न्हाई."

"दाजी," मेव्हणा मला हळूच म्हणाला, "जाऊ द्या ना, बराबरी म्हणा. घरातलं माणूस हाय."

"घरातलं हाय म्हणून त्याची गाडी दीड गाडी पुढं गेली का?"

बॅटरीवाले हसले. ते हसणं मला आवडलं नाही. "सेठ, अजून दोन क्विंटल कमी करता का? हलकं कुत्रं पळतंय म्हणले होते ना तुम्ही?"

साडूचा चेहरा त्याच्या गाडीच्या रंगाचा झाला. पण तो मूर्ख नाही. त्यानं डिकी उघडली, मागच्या सीटवरची गोधडीही ओढून काढली आणि वजनं एकेक करून रस्त्यावर फेकली. माझी, शिक्क्याची वजनं. "आता उतर तू बी," तो मला म्हणाला. "आता रिकाम्या गाडीनं दाखवतो."

बॅटरीवाले म्हणाले की पैज संपली आहे. ते बरोबर होतं. पण साडू त्यांना वजनाच्या आडोशाला लपलेला म्हणाला, बायल्या म्हणाला, आणि मेव्हण्यानं मध्ये पडल्यासारखं करून आणखी दोन शब्द घातले. शेवटी ते चिडून गाडीत बसले. मलाही तो आकडा हवा होता. खोटं कशाला सांगू? दोनशे वीस किलोंनी किती फरक पडतो ते मला पाहायचं होतं. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि रुमाल सोडला.

विजेची गाडी पुन्हा आधी सुटली. निम्म्यापर्यंत तीच पुढे होती. मग लाल गाडी आली, तिच्या बरोबर झाली आणि शेवटच्या रेघेवर एका गाडीनं पुढे गेली. येताना, चढावर, अर्ध्या गाडीनं. दोन्ही वेळा साडूच.

म्हणजे गाडी त्याचीच वेगवान होती. त्यानं ती अट घातली नसती तर तो सरळ जिंकला असता.

"बघितलं?" तो नाचायचाच बाकी होता. "बघितलं का सगळ्यांनी? दे माझे पैसे!"

"दोनशे मीटरला गाडी तुमची पुढं," मी म्हणालो. "पैज त्यांची."

"हे कसलं गणित?"

"तुमचंच. वजन बराबर करून पळवायचं ठरलं. बराबर करून पळवलं, तुम्ही हरले. आता पळवलं ते बिनअटीचं."

"तू माझा साडू हाय का त्याचा?"

"आज काटा हाय."

हे बोलून गेल्यावर मला स्वतःचाच राग आला. असली वाक्यं बोलणारी माणसं मला आवडत नाहीत. पण बोललो होतो. साडू थुंकला, गाडीत बसला आणि निघून गेला. वजनं मी आणि मेव्हण्यानं उचलली. मेव्हणा जेवायला थांबला नाही. दुपारच्या गाडीनं भोकरदनला गेला.

बॅटरीवाले काट्यावर आले, चहा प्यायले. मग म्हणाले, "साहेब, ती शेवटची पळवापळव... ती कुठं बोलू नका. पैज तर माझीच ना? लोक विचारले तर तेवढंच सांगा."

"विचारलं तर दोन्ही सांगीन."

"का पण? त्याचा काय फायदा?"

"फायदा न्हाई."

त्यांनी कप ठेवला. "तुम्ही लै अजब माणूस हाय," ते म्हणाले, आणि त्या बोलण्यात कौतुक बिलकुल नव्हतं.

पैसे त्यांना मी त्या दिवशी दिले नाहीत. साडूनं हरकत घेतली होती, आणि हरकतीच्या मालाला आम्ही आठ दिवस थांबतो. त्या आठ दिवसांत बायकोच्या बहिणीचा रोज फोन आला. बायको स्पीकरवर टाकायची, म्हणजे मला पुन्हा सांगायला नको.

"अगं, भावजींना म्हणावं, नुसतं बराबरी झाली म्हणा. ज्याचे त्याला पैसे परत. कोणाचं काय जातंय? ह्यांचं तोंड राहील. हे म्हणतेत, मंग गाड्या चालू राहतील."

"म्हणजे सध्या बंद केल्यात का?" बायको माझ्याकडे बघत विचारायची.

बंद केल्याच होत्या. तिसऱ्या दिवसापासून साडूचा एकही ट्रक माझ्याकडे आला नाही. त्याचे ड्रायव्हर माझ्या दारावरून हॉर्न वाजवून जायचे. तसं त्यांना सांगितलं असणार. संध्याकाळी मी वजनांची बेरीज करायचो आणि बायको ताट वाढता वाढता विचारायची.

"आज किती?"

"एकवीस."

"पहिले?"

"छत्तीस-सदतीस."

"बँकेला सांगा मंग, आमच्या रुमालानंतर चाक हललं म्हणून. घेतील हप्ता कमी." ती पोळी ताटात आदळायची. "तुम्हाला दाजीचा राग हाय. खरं-खोटं काही न्हाई. राग काढून राह्यले तुम्ही."

यावर मी बराच विचार केला. राग होता, आहे. साडूच्या हरण्यानं मला आनंद झाला, हेही खरं. पण चाक रुमालानंतर हललं ते माझ्या रागामुळे हललं नाही. उद्या तो जिंकला असता तर तेही मी दात खात का होईना सांगितलं असतं. रिकाम्या गाडीचं सांगितलंच की. हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मंग दोघांचे बी शिव्याशाप घ्या."

तसंच झालं. मोंढ्यातल्या एका धान्याच्या अडत्यानं काट्यावर मला सरळ विचारलं, आणि मी दोन्ही निकाल सांगितले: वजन बराबर केलं तेव्हा विजेची, रिकामी पळवली तेव्हा पेट्रोलची, सुटायला विजेची कायम पुढे. दोन दिवसांत ते बॅटरीवाल्यांच्या दुकानात पोचलं. त्यांच्या दुकानासमोर कोणी तरी पोरं "सेठनं शेवटी हरवलंच ना?" म्हणून चिडवू लागली. ते फोनवर मला म्हणाले, "जिंकलेल्या माणसाला हरवलं तुम्ही, साहेब." पुढची बॅटऱ्यांची खेप त्यांनी मोंढ्याजवळच्या काट्यावर नेली. गंमत अशी की घेणारा साडूच होता. दोघांनाही एकमेकांशिवाय चालत नाही. माझ्याशिवाय चाललं.

आठवा दिवस झाला. साडू स्वतः आला, ट्रक घेऊन नव्हे, लाल गाडी घेऊन. उतरला नाही. काच खाली करून म्हणाला, "शेवटचं विचारतो."

"रुमालानंतर," मी म्हणालो.

"मंग हे बघ." त्यानं मागचं दार नसलेल्या त्या गाडीची पुढची सीट पुढे ढकलली. मागून तिचं चामडं वीतभर फाटलं होतं. आतला स्पंज बाहेर आला होता. मी पाहिलं. पहिल्या खेपेला ब्रेक लागला तेव्हा गोधडी सरकली होती आणि वजनाच्या मुठीचा कोपरा तिथे घुसला होता. सुतळीची गाठ ढिली पडली होती.

"वजनं कोणाची?" तो म्हणाला.

"माझी."

"गाठ कोणाची?"

"माझी."

"मंग अठरा हजार काढ. पुण्याचा भाव हाय."

लोखंड भरायची अट त्याची होती, हे मी त्याला म्हणू शकलो असतो. पण अट लोखंड भरायची होती, नीट न बांधायची नव्हती. मी त्याला सांगितलं की पुण्याला नको, इथे सीट शिवणारा दाखवतो. जे बिल होईल ते मी देईन, पण त्याला देईन. तुमच्या हातात एक रुपया नाही. त्यानं मला जे म्हणायचं ते म्हटलं. ट्रक पुन्हा आले नाहीत, आजही येत नाहीत. बँकेचा हप्ता मी बायकोला न विचारता मुदत ठेवीतून भरायला लागलो. तिला ते कळलं आहे आणि तिनं ते माझ्या खात्यावर लिहून ठेवलं आहे.

एक लाख दोन हजार रुपये त्या आठव्या दिवशीच दुपारी बॅटरीवाल्यांच्या दुकानात नेऊन त्यांच्या गल्ल्यावर मोजून दिले. त्यांनी पुन्हा मोजले, चहा विचारला नाही. गाड्यांच्या दोन वजनांचे पैसे मी दोघांकडूनही घेतले नव्हते, तेही मागितले नाहीत. लाल गाडीची सीट शिवणाऱ्यानं मागचं पूर्ण चामडं बदलून साडेसात हजार सांगितले. ते मी त्याच्या हातात दिले, साडू शेजारी उभा असताना.